मोह वेचायला जाताय ना, मग अस्वलाला आधी तुमची चाहूल लागू द्या

मार्च लागला की आमच्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे माणसं पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. फुलं रात्रभर गळतात, उशीर केला तर ढोरं खातात नाहीतर दुसरं कोणी वेचून नेतं, म्हणून ही घाई, आणि ती समजते. पण त्याच झाडाखाली त्याच वेळेला अस्वलही आलेलं असतं, त्यालाही तीच फुलं पाहिजेत. आमच्याकडे वाघाची भीती सगळ्यांना आहे, वाघाचे पगमार्क दिसले की गावभर व्हॉट्सअपवर फोटो फिरतो, अस्वलाचं मात्र कोणी मनावर घेत नाही.

अस्वल माणूस खायला येत नाही, ते घाबरून अंगावर येतं हे आधी समजून घ्या. त्याला दिसतं कमी, ऐकूही फार चांगलं येत नाही, सगळा भरवसा नाकावर. तोंड खाली घालून फुलं खात असलं किंवा वारूळ उकरून उधई ओढत असलं की स्वतःच्याच आवाजात असतं, तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ता नसतो आणि कळलं की पळण्याऐवजी सरळ धावून येतं. त्यात पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत जन्मतात आणि दोन-तीन महिन्यांची झाली की आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात, म्हणजे बरोबर मोहाच्याच दिवसात. पिल्लंवाली मादी सगळ्यात डेंजर.

म्हणून सगळ्यात मोठं काम एकच, आवाज करत जा. एकटं तर जाऊच नका, चार-पाच जण मिळून जा, मोठ्यानं बोलत जा, काठीला घुंगरं बांधून आपटत चला. मोबाईलवर गाणं लावून कानात हेडफोन घातलेली पोरं मी स्वतः बघितली आहेत, बाबांनो असं करू नका, कान उघडे पाहिजेत. आणि उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका. अर्धी टोपली कमी आली तरी चालेल. झाडाखाली जुनी जाळी किंवा साड्या जोडून अंथरल्या तर फुलं त्यावर स्वच्छ पडतात, उजाडल्यावर पटकन गोळा होतात, आणि फुलं दिसावीत म्हणून पालापाचोळा जाळायचंही काम पडत नाही. तो जाळच पुढे जंगलात वणवा होतो, मग जनावरं चारा-पाण्यासाठी कुठे येणार, आपल्याच गावाकडे ना.

मे महिन्यात तेंदूपत्त्याला (बिडीची पानं तोडायला) जाताना तर जास्त सांभाळा, कारण पानं तोडताना आपण झुडपात वाकलेलो असतो आणि तेंदूची फळंही त्याच सुमारास पिकलेली असतात, ती अस्वलाला फार आवडतात. दुपारच्या उन्हात ते नाल्याच्या काठच्या गचपणात किंवा दगडांच्या कपारीत पडून राहतं, तेव्हा सावली बघून एकदम आत शिरू नका, लघवीला जाताना सुद्धा आधी हाक मारा, काठी आपटा. कुत्रा सोबत नेत असाल तर दोरीला बांधलेला ठेवा, मोकळा कुत्रा अस्वलाला छेडतो आणि मग जीव घेऊन तुमच्याकडेच पळत येतो, मागे अस्वल.

समोर आलंच तर? दूर असेल तर न पळता, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका, त्याला जायला वाट मोकळी ठेवा. पळून तुम्ही जिंकणार नाही, झाडावर चढूनही नाही, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. अंगावर आलंच तर पालथं पडा, दोन्ही हात मानेमागे बांधा, तोंड जमिनीकडे, कारण ते तोंड आणि डोकं धरतं. ते गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका. जखम साबणाच्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा (रक्त भळाभळा वाहत असेल तर आधी कपडा दाबून धरा) आणि सरळ दवाखान्यात न्या. रेबीजची आणि धनुर्वाताची लस मागून घ्या. हळद, चुना, झाडपाला काही लावू नका.

आता घराचं बघा. अंगणात वाळत घातलेला मोह संध्याकाळी आत घ्या, वास फार लांब जातो. सांदवाडीतली (परसातली) बोरं, फणस, आंबे पिकून खाली पडू देऊ नका. वावरातल्या बिनकठड्याच्या विहिरीला काटेरी फांद्या तरी लावा, रात्री जनावरं पडतात, आणि पडलंच तर गर्दी करून दगड मारू नका, वनविभागाच्या 1926 वर फोन करा. पिल्लू एकटं दिसलं तर हात लावू नका, आई जवळच असते.

आणि हात जोडून सांगतो, रानडुकरासाठी वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) जिवंत करंट सोडू नका. डुक्कर सोडा, शेजारचा माणूस रात्री पाणी द्यायला येतो आणि मरतो, मग जेल. करायचंच तर सौर कुंपण करा, त्यात झटका बसतो पण जीव जात नाही, सबसिडीचं वनरक्षकाला विचारा.

भरपाईच्या कागदाचं लगेच करा. माणसावर किंवा ढोरावर हल्ला झाला तर 48 तासांच्या आत वनविभागाला कळवायचं, मेलेलं ढोर पंचनामा होईपर्यंत हलवायचं नाही. डुक्कर, रोही (नीलगाय), हरणांनी पीक खाल्लं तर 3 दिवसांत अर्ज. माणूस दगावला तर घरच्यांना 25 लाख मिळतात, जखमीलाही मदत आहे, पण उशीर झाला की फाईल अडते. वावराचे फोटो त्याच दिवशी काढा, सातबारा आणि बँक पासबुकची झेरॉक्स घरात एका पिशवीत तयार ठेवा, अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.