बोरेरेगच्या ओसाड वाडीत डबा शोधताना

स्कॉटलंडच्या स्काय बेटावर ब्रॉडफर्डहून टॉरिनकडे जाताना किलख्रिस्तचं पडकं चर्च लागतं. तिथून चालायला लागा. जुन्या संगमरवराच्या खाणींवरून चढून पलीकडे उतरलं की बोरेरेग, मग किनाऱ्याने सुइस्निश आणि कामस मालागवरून परत. साधारण १६ किलोमीटर. जिओकॅशिंगचे डबे शोधत गेलात तर दिवस जातो. वाटेत दुकान नाही, रेंजचा भरवसा नाही.

जिओकॅशिंगचा खेळ साधा आहे: कोणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, आपण तो हुडकून आतल्या वहीत नाव लिहायचं. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच ओरेगॉनमध्ये पहिला डबा लपवला गेला.

नकाशा आणि डब्याची माहिती घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या. आकडे हाताने घालणार असाल तर जपून. ते अंश आणि दशांश मिनिटांत असतात (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). मी पहिल्यांदा ५७ अंश ११.४ मिनिटं हे सरळ ५७.११४ अंश म्हणून टाकलं, रेखांशालाही तेच केलं, आणि बाण मला खाडीपलीकडे वीसेक किलोमीटरवरच्या डोंगरात बोलावू लागला! मिनिटाचा हजारावा भाग इथे उत्तर-दक्षिण पावणेदोन मीटरच्या आसपास, पूर्व-पश्चिम जेमतेम एक मीटर. पण फोन स्वतःच चार-पाच मीटर चुकतो, कड्याखाली त्याहून जास्त. म्हणून दहा पावलांवर आलात की फोन खिशात टाका आणि डोळ्यांनी शोधा.

खरी पंचाईत इथेच होते. एरवी 'दगडांची विचित्र रास' दिसली की डबा सापडतो. बोरेरेगमध्ये जिकडेतिकडे दगडांच्या राशीच आहेत. १८५३ मध्ये मेंढ्यांसाठी रान मोकळं करायला जमीनदाराने इथली कुटुंबं हुसकावली, त्यांच्या घरांच्या या भिंती. शेजारच्या सुइस्निश वाडीहून निघालेल्या लोकांचा आक्रोश भूगर्भशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गीकी यांनी लिहून ठेवलाय. आमच्या गुहागरकडे बंद घर दिसलं की वाटतं, गणपतीत उघडेल. इथे कुलूप घालायला दारच उरलेलं नाही.

म्हणून माझा नियम: घराच्या भिंतीतला एकही दगड हलवायचा नाही, डबा न मिळाला तरी चालेल. आधी लपवणाऱ्याने दिलेली खूण नीट वाचा, मग भिंतींबाहेरचे खडक, ओढ्याची कड, कुंपणाच्या खांबाचा बुंधा बघा. अर्ध्या तासात नाही सापडला तर 'मिळाला नाही' अशी प्रामाणिक नोंद करा. ती डब्याच्या मालकाच्या उपयोगी पडते.

सापडला तर वहीत पेन्सिलीने लिहा, ओलसर कागदावर पेन उमटत नाही. डब्यातली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची ठेवा. खाऊ कधीच नाही, उंदीर डबा कुरतडतात. (मी काचेच्या बांगड्या ठेवते.) झाकणाच्या खाचेतली माती पुसा, डबा होता तसाच झाका.

उन्हाळ्याच्या शेवटी नेचे कमरेएवढे वाढतात, भिंती त्यात बुडतात, एप्रिल-मे बरा. पँट मोज्यांत खोचा. वारा पडला की चिलटं उठतात, पण ती नुसती छळतात. गोचिडांपासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, तेव्हा मुक्कामी पोचल्यावर चहाच्या आधी गुडघ्यामागे आणि काखेत बघा. चावलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.