पंक बँडचा गिग (लाइव्ह कार्यक्रम) रेकॉर्ड करून स्वतःच्या लेबलवर काढायचा तर

छोट्या हॉलमध्ये मिक्सरचं आउटपुट थेट रेकॉर्डरला जोडलं, की गाणारा कानाशी ओरडतो आणि गिटार शेजारच्या इमारतीत वाजल्यासारखी येते. यात साऊंडवाल्याची चूक नसते. गिटारचे अँप आणि ड्रम मुळातच इतके दणदणीत, की स्पीकरमधून त्यांना वाढवावंच लागत नाही. मिक्सरमधून जातो तो मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज. म्हणून मिक्सरचा फीड (त्यातून येणारा सिग्नल) आणि हॉलमधले माइक, दोन्ही हवेत.

मिक्सरवर ऑक्स सेंड (मुख्य आउटपुटहून वेगळं, जास्तीचं आउटपुट) मोकळा असेल तर तो मागा, आणि प्री-फेडर मागा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या, फेडरच्या, आधीचा सिग्नल. मग शोमध्ये फेडर कितीही हलले तरी तुमचा फीड जागेवर राहतो. हा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकच्या सिग्नलपेक्षा खूप जोरकस असतो. तो माइक इनपुटला लावला तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

हॉलसाठी दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) कंडेन्सर माइक घ्या: कॅप्सूलमध्ये, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या टोकांमध्ये, १७ सेंटिमीटर अंतर, तोंडं ११० अंशांवर. स्टँड मिक्सरच्या टेबलाला टेपने बांधा आणि माइक अडीच मीटर उंचीवर न्या. गर्दीच्या मधोमध ठेवलेला स्टँड पहिल्या दोन-तीन गाण्यांतच आडवा होतो. माइकवर १० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर लावा. रेकॉर्डर ३२-बिट फ्लोट (खूप मोठा सिग्नलही न फाटता साठवणारा) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. माइकच ओव्हरलोड झाला तर फाइल कितीही बिटची असली तरी उपयोग नाही. एरवी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. चार ट्रॅकला तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. साऊंडचेकला पीक (आवाजाची सर्वांत वरची पातळी) उणे १८ डीबीच्या आसपास ठेवा, कारण प्रेक्षक समोर आले की बँड जास्त जोरात वाजवतोच.

मिक्सिंगमध्ये खरं काम ट्रॅक जुळवण्याचं. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्टेजपासून १२ मीटरवरच्या माइकमध्ये स्नेअर (ड्रममधला कडक आवाजाचा छोटा ड्रम) ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोनदा ऐकू येतो. हॉलचा ट्रॅक तेवढा पुढे ओढा. दोन वेगळे रेकॉर्डर वापरले असतील तर सेटच्या शेवटचा स्नेअरही तपासा. त्यांची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात. मग हॉलच्या ट्रॅकमधून १२० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर बेसचा चिखल होतो. आधी हॉल पूर्ण लावायचा, आणि शब्द कळेपर्यंतच मिक्सरचा फीड वर आणायचा. हा क्रम उलटा केला की मिक्स निर्जीव होतो. दोन गाण्यांमधला फीडबॅक, ट्यूनिंग, आरडाओरडा कापू नका. गिग त्यातच असतो.

प्रत्येक फाइलला तारीख, ठिकाण, रेकॉर्ड करणारा आणि मूळ माध्यम लगेच लिहा. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड लेबलने २०११ मध्ये फुगाझी या पंक बँडच्या गिगचा संग्रह खुला करायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक रेकॉर्डिंगला ध्वनीच्या दर्जाचा शेराही असतो. तुम्हीही द्या, ऐकणारा काय विकत घेतोय ते त्याला आधी कळायला हवं.

व्हिनाइल रेकॉर्ड (तबकडी) छापायची असेल तर १२ इंची, ३३ आरपीएमवर एका बाजूला १८ मिनिटांच्या आत राहा. त्यापुढे खाच उथळ करावी लागते आणि आवाज दबतो. खाच मध्याकडे जाते तशी सिंबलची धार खरखरते, म्हणून सगळ्यात झणझणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवा. १५० हर्ट्झच्या खालचा बेस मोनो (डावी-उजवीकडे एकसारखा) करा, नाहीतर सुई उडू शकते. टेस्ट प्रेसिंगच्या (मुख्य छपाईआधीच्या चाचणी प्रतींच्या) निदान तीन प्रती पूर्ण ऐका: टिकटिक तिन्हींत एकाच जागी असेल तर दोष साच्यात आहे, छपाई थांबवा. एकाच प्रतीत असेल तर तो त्या प्रतीपुरता.

पंकमध्ये तोंडी करार चालतात, आणि डिस्कॉर्ड तसंच चालवत आलं आहे. तरीही एक पान लिहून घ्याच. शिकागोच्या टच अँड गो लेबलचा एका बँडशी नफा निम्मा-निम्मा असा तोंडी करार होता. मुदत ठरलेली नव्हती, आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने बँडला तो मोडायची मुभा दिली. पानावर एवढं हवं: रेकॉर्डिंग कोणाचं, खर्च वजा जाता वाटणी किती, करार किती वर्षांचा, बँडला फुकट प्रती किती. सही त्या रात्री वाजवलेल्या प्रत्येकाची, नंतर बँड सोडून गेलेल्याचीही. दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर त्याचा परवाना छपाईआधी काढा. आणि स्टुडिओतल्या गाण्याचा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा) कोड लाइव्हला लावू नका. ते वेगळं रेकॉर्डिंग आहे, त्याला नवा कोड लागतो.