गावाचा इंग्रजकालीन इतिहास लिहिताना या चुका टाळा

विदर्भात शाळेच्या शताब्दीची किंवा ग्रामपंचायतीची स्मरणिका निघाली की ‘इंग्रजांच्या काळातील आपले गाव’ हा लेख तिच्यात असतोच. तो कळकळीने लिहिलेला असतो, पण बहुधा पहिल्याच वाक्यात घसरतो: ‘१८५४ साली इंग्रजांनी आपला मुलूख खालसा केला.’ नागपूरकर भोसल्यांच्या मुलखापुरते, म्हणजे वर्धा नदीच्या पूर्वेला, हे खरे आहे. नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड मात्र निजामाने १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभारात दिले. १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, तरी नावापुरती मालकी निजामाचीच राहिली.

हा फरक केवळ सनावळीचा नाही. पूर्वेकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरत असे आणि कुळे त्याच्याकडे खंड भरत. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन खातेदार स्वतः सरकारात सारा भरू लागला. त्यामुळे अकोल्याकडच्या गावात मालगुजार शोधणे व्यर्थ आहे. भंडाऱ्याकडच्या गावाचा लेख मात्र वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांचा सरकारी दस्तऐवज) पाहिल्याशिवाय लिहूच नये, कारण सरपण, चराई, तलावाचे पाणी यांविषयीची गावाची वहिवाट त्यातच नोंदलेली असते.

तिकडच्या ‘मामा तलावां’विषयीही असाच घोटाळा होतो. ‘मामा’ हे ‘माजी मालगुजारी’चे लघुरूप आहे, कोणाच्या मामाचा त्याच्याशी संबंध नाही. यांतील कित्येक तलाव कोहळी समाजाने इंग्रजांच्या कितीतरी आधी बांधले. ते मालगुजारांनी खोदले असे लिहिल्याने ज्यांनी पाळी (मातीचे बांध) घातल्या त्यांचेच नाव पुसले जाते, आणि हे मला फार लागते.

सन वाचतानाची चूक माझ्याच हातून झाली आहे. एका घरच्या साऱ्याच्या पावतीवर ‘सन १३०९’ होते. मी ती सातशे वर्षांपूर्वीची मानली आणि आमच्या स्मरणिकेत तसेच छापून आले. तो सन फसली, म्हणजे सारावसुलीसाठी वापरला जाणारा होता. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, शकात ७८. पावती १८९९-१९०० ची, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या वर्षाची निघाली, आणि तिच्यावर साऱ्याची निम्मीच रक्कम का जमा आहे याचा उलगडा तेव्हा कुठे झाला.

मापांच्या बाबतीत ‘खंडी’ हा शब्द फसवा आहे. कापसाच्या व्यापारातली मुंबईची खंडी ७८४ पौंड वजनाची होती. धान्याची खंडी हे पायली-कुडवाने मोजायचे माप होते आणि पायली गावागणिक लहानमोठी असे. म्हणून वहीतील खंडीचे सरसकट किलो करू नयेत. रुपयांचे आजच्या किमतीत रूपांतर करण्यापेक्षा त्याच वहीत निंदणीची मजुरी आणि ज्वारीचा भाव सापडतो का ते पाहावे. त्यावरून बाईच्या दिवसभराच्या कामाला किती ज्वारी मिळे, हे वाचकाला थेट कळते.

‘इंग्रजांनी कापूस आणला’ हेही लिहू नये. रेल्वेच्या आधीच वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भाव चढले, तर रेल्वे नागपूरला १८६७ मध्ये पोचली. तेव्हा तेजीचे सगळे श्रेय रेल्वेला देता येत नाही; रेल्वेने बदलले ते बाजाराचे ठिकाण. खामगावची पेठ वाढली, जिन-प्रेस (सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने) उभ्या राहिल्या आणि घरोघरचा हातरेचा, म्हणजे हाताने सरकी काढण्याचे यंत्र, मागे पडला.

शेवटची चूक हौसेपोटी होते: सापडलेल्या जुन्या वहीला लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद खराब होतो. वही सुती कापडात गुंडाळून ठेवावी, आणि मोडी जाणकाराकडे पाठवण्यापूर्वी पुठ्ठ्यासह प्रत्येक पानाचा फोटो काढावा. कोरे वाटणारे पहिले पानही वगळू नये, कारण ‘श्री’खाली फिकट शाईत सन आणि मिती बहुधा तिथेच लिहिलेली असते.