जर्मनीचा जोडीदार व्हिसा: लग्न ठरल्या दिवसापासूनची तयारी

लग्न ठरलं की घरात हॉल, केटरर, शालू, मानपान यांच्या याद्या सुरू होतात. होणारा नवरा किंवा बायको जर्मनीत असेल, तर त्याच दिवशी आणखी एक वही काढा. पहिल्या पानावर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशी, अक्षरन् अक्षर उतरवा. मी याच व्हिसावर पुण्याहून श्टुटगार्टला आले. माझे चार महिने वाया गेले, पण ते पैशांमुळे नाही की भाषेमुळे नाही, नावामुळे.

आपल्याकडे मुलीच्या नावात वडील असतात, लग्नानंतर तिथे नवरा येतो, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. आपल्याला यात काहीच अडत नाही. जर्मन अधिकारी मात्र पासपोर्टच्या नावाच्या रकान्यात जे छापलंय ते सगळं तुमचं स्वतःचं नाव समजतो. त्याच्या लेखी 'सायली रमेश' आणि 'सायली अमोल' या दोन वेगळ्या बायका. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव होतं, विवाह नोंदणीच्या दाखल्यावर त्याच नावातलं एक इंग्रजी अक्षर गळलं होतं, आणि घाईत आम्ही कुणीच ते पाहिलं नाही. दाखला दुरुस्त करून घेण्यात, मग पुन्हा अपॉइंटमेंट मिळवण्यात पावसाळा गेला. म्हणून कळकळीने सांगते: व्हिसा हातात येईपर्यंत पासपोर्टवरचं माहेरचं नाव तसंच राहू द्या. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. दाखला, भाषेचं प्रमाणपत्र, पदवी, अर्ज या सगळ्यांवर पासपोर्टचंच स्पेलिंग यायला हवं. दाखला हातात आला की खिडकीपासून हलण्याआधी तो पासपोर्टशेजारी धरून वाचा.

नोंदणी लग्नानंतर लगेच उरका. धार्मिक विधीने लग्न झालं असेल तर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद होते. त्यासाठी दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधींचा फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजींची सही मांडवातच घेऊन ठेवा, नंतर ते दुसऱ्या गावच्या मुहूर्तावर असतात. विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर नोटिशीचे ३० दिवस सुट्टीच्या हिशेबात धरा. जर्मनीहून तीन आठवड्यांसाठी आलेला मुलगा या गणितात हमखास अडकतो. गोव्यात आधी नागरी निबंधकाकडे इच्छा नोंदवायची आणि मग ठरावीक दिवसांनी पुन्हा सही करायची, म्हणजे तिथेही दोन फेऱ्या आल्या.

आता जोडीदाराला विचारा, तुझ्याकडे जर्मनीत राहण्याचा नेमका कोणता परवाना आहे? नुसतं 'मी तिथे सेटल आहे' हे उत्तर पुरेसं नाही. त्याच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना, असेल तर तुम्हाला आधी जर्मन शिकण्याची अट नाही. पण तोच मुलगा जर्मन नागरिक झाला असेल, तर सर्वसाधारणपणे तुम्हाला जर्मन भाषेचं ए-वन, म्हणजे सगळ्यांत प्राथमिक पातळीचं प्रमाणपत्र लागतं. लोकांना हे उलटं वाटतं. पासपोर्ट जर्मन म्हणजे सगळं सोपं होईल असं आमच्या घरीही धरून चाललो होतो. नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाची फी पडत नाही, एवढी सवलत खरी. बाकीच्यांसाठी ती ७५ युरो आहे.

ए-वनची परीक्षा १०० गुणांची, उत्तीर्ण व्हायला ६० हवेत. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात. पुण्यात बोट क्लब रोडवर आणि मुंबईत काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन शिकवणारी आणि ही परीक्षा घेणारी संस्था, आहे. शिकणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून परीक्षेची तारीख साखरपुड्याच्या सुमारासच पाहून ठेवा. बोलण्याच्या भागात स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि बहुधा नावाचं किंवा आडनावाचं स्पेलिंग विचारतात. ते तोंडपाठ करा. जाधव असाल तर योट, आ, डे, हा, आ, फाउ. मराठी माणूस सवयीने 'जे' आणि 'व्ही' म्हणून मोकळा होतो. ए-वनची अट नसली तरी शिका, असं माझं ठाम मत आहे. इथे डॉक्टरकडे पोट कुठे दुखतंय हे नवऱ्याने सांगायचं, ही परावलंबी अवस्था फार वाईट असते.

नातं खरं आहे हे दाखवण्याची तयारी आपल्या ठरवून केलेल्या लग्नांना जास्त लागते. समोरच्या जर्मन अधिकाऱ्याला दोन भेटींत ठरलेलं लग्न अनोळखी वाटतं, आणि निव्वळ परवान्यासाठी केलेल्या लग्नावर व्हिसा नाकारण्याची त्यांच्या कायद्यात तरतूद आहे. लपवाछपवी करू नका, प्रेमविवाहाची गोष्ट रचू नका. स्थळ कुणी सुचवलं, बघण्याचा कार्यक्रम कधी झाला, नंतर दोघं कुठे भेटलात, रोज फोनवर किती वाजता बोलता, हे एका पानावर तारखांसकट साधेपणाने लिहा. सोबत साखरपुड्याचे, लग्नाचे, दोन्ही घरच्या माणसांबरोबरचे फोटो आणि विमानाची तिकिटं ठेवा. संशय आला तर दोघांना एकाच वेळी वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात. जोडीदाराचं काम काय, घराला खोल्या किती, दीर काय करतो, हे तुम्हाला सहज सांगता यायला हवं. ते येत नसेल तर व्हिसाचं सोडा, तुम्ही अजून पुरेसं बोललेलाच नाहीत.

अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मारायच्या सरकारी शिक्क्याच्या, बाबतीत एजंट भरपूर पैसे उकळतात. भारत २००५ साली या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार लागू झाला नाही. शंका आली तर जर्मन कार्यालय भारतातल्या विश्वासू वकिलामार्फत कागदांची जागेवर पडताळणी करवतं. तुमच्या प्रकारासाठी वकिलातीची जी ताजी यादी असेल तिच्यात मागितलेलंच द्या. आधीचा घटस्फोट असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हवी. शिवाय जर्मनीत त्या घटस्फोटाला वेगळी मान्यता घ्यावी लागते का, हे जोडीदाराने तिकडच्या कार्यालयात आधीच विचारावं.

जोडीदाराकडून पासपोर्ट आणि परवान्याच्या प्रती, राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, नोकरीचा करार, अलीकडच्या पगारपावत्या आणि घराचा भाडेकरार मागवा. आरोग्यविमा पोहोचल्या दिवसापासून हवा. जोडीदार सरकारी विम्यात असेल आणि तुम्हाला उत्पन्न नसेल, तर नंतर तुम्ही त्याच्याच विम्यात जादा हप्ता न भरता येता.

जन्मदाखलाही आत्ताच काढून पाहा. आपल्या वयाच्या कित्येकांच्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते, नुसतं 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहिलेलं. पुढे जर्मनीत मूल झालं की त्याच्या नोंदणीला आईबापांचे जन्मदाखले मागतात, आणि ओली बाळंतीण असताना वॉर्ड ऑफिसला फोन करत बसणं किती जिवावर येतं हे मी मैत्रिणीकडे पाहिलंय.

मूळ कागद विमानात स्वतःच्या हातातल्या पिशवीत ठेवा, आणि पोहोचल्यावरही ते तुमच्याच ताब्यात असू द्यात. हे मी विशेषतः मुलींना सांगते. तुम्हाला नोकरी करण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असते. राहण्याचा स्वतंत्र हक्क मात्र सहसा जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर मिळतो. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर त्या तीन वर्षांची अट शिथिल करण्याची तरतूद कायद्यातच आहे, म्हणून 'परत पाठवीन' या धमकीला घाबरून सोसत राहू नका. ११६ ०१६ हा हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचा मदतक्रमांक जर्मनीत कुठूनही मोफत लागतो, दिवसरात्र, अनेक भाषांत. वहीत लिहून ठेवा, गरज पडो न पडो.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते जोडीदाराने आधीच आणून ठेवावं. मग व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परवान्यासाठी अर्ज करा. त्या कार्यालयाची बोलावणी बऱ्याचदा टपालाने येतात, आणि इथला पोस्टमन पेटीवर नाव नसेल तर पत्र परत नेतो. सासरचं आडनाव लावलं नसेल तर नवऱ्याच्या नावाखाली तुमचं नावही चिकटवा, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने.