सोसायटीच्या पावसाळी गटारात गाळणी कशी बसवावी

मुंबई-पुण्यात मोरी-संडासाचं पाणी वेगळ्या वाहिनीने शुद्धीकरण केंद्राकडे जातं, निदान कागदावर तरी. अंगणातलं पावसाचं पाणी मात्र थेट नाल्यात आणि पुढे नदी-खाडीत. सोबत पार्किंगमधलं ऑइल, ब्रेकची धूळ, गुटख्याच्या पुड्या. हे सगळं आपल्या कुंपणाच्या आतच अडवता येतं. रस्त्यावरच्या गटाराला मात्र महापालिकेला विचारल्याशिवाय हात लावू नका.

मे महिन्यात सुरुवात करा. हळद कालवलेलं बादलीभर पाणी ओतून सगळी गटारं शेवटी कोणत्या चेंबरला मिळतात ते शोधा. भर उन्हाळ्यातही तिथे पाणी वाहत असेल, तर कुणीतरी वॉशिंग मशीनचा किंवा मोरीचा पाइप चुकीच्या जागी जोडलाय. आधी प्लंबर बोलवा. त्या पाण्यावर गाळणीचा इलाज नाही.

मग फॅब्रिकेटरकडून चेंबरच्या मापाची स्टेनलेस स्टीलची जाळीदार टोपली करून घ्या. ती झाकणाखालच्या कडेवर टेकावी आणि तिचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर राहावा. बारीक जाळी म्हणजे चांगली गाळणी, असं वाटतं; पण ती पहिल्याच सरीत पानांनी बुजते. साधारण पाच मिलिमीटरची भोकं पुरेत. टोपलीच्या वरच्या भागात मोठ्या खिडक्या हव्यातच, कारण टोपली भरली तरी पाणी निघून गेलं पाहिजे. नाहीतर तुंबलेलं पार्किंग पाहून सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी ती काढून फेकतील, आणि त्यांचं चुकणारही नाही.

तेलासाठी टोपलीत पॉलिप्रॉपिलीनची शोषक गादी बांधा. ती तेल पिते, पाणी नाही. बारीक धूळ मात्र जाळीतून निसटते, आणि जस्त-तांब्यासारखे धातू तिलाच चिकटलेले असतात. म्हणून पावसाआधी पार्किंग कोरडंच झाडून घ्या, पाइप लावून धुऊ नका.

पहिल्या मोठ्या पावसात सर्वांत जास्त घाण येते, त्यामुळे तो ओसरला की लगेच टोपली रिकामी करा. पुढे दर आठवड्याला. दोघांनी हातमोजे घालून आकड्याने वर ओढायची. चेंबरमध्ये कुणीही उतरायचं नाही. झाकण क्षणभरही उघडं सोडू नका: 2017 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला होता.

टोपलीतली पानं खतात टाकू नका, त्यांना ऑइल लागलेलं असतं. तेल प्यायलेली गादी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता, जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे घेतात का विचारा.