काटापट्टीची ओळ हाताने तोडा: जावात स्ट्रिंगचे तुकडे आणि दुरुस्ती

जिनिंगवर कापसाची गाडी रिकामी झाली की हातात काटापट्टी पडते. गाव, माल, क्विंटलमधलं वजन. हीच पट्टी फाइलमध्ये एका ओळीत अशी बसते:

"वणी,कापूस,१२.५०"

या ओळीचे तीन तुकडे करायला जावा या प्रोग्रामिंग भाषेत स्प्लिट नावाची तयार सोय आहे. तरी पहिले आठ-दहा दिवस ती वापरू नका. इंडेक्सऑफ (चिन्ह कितव्या घरात आहे ते सांगतं) आणि सबस्ट्रिंग (स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, तुकडा काढून देतं) या दोनच गोष्टींनी ओळ हाताने तोडायला शिका. स्प्लिट फसतं तेव्हा ते का फसलं, हे हाताने तोडलेल्यालाच कळतं.

इथे जावाचे शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत, टाइप मात्र इंग्रजीत करायचे. अंकही इंग्रजीच टाका, त्याचं कारण पुढे येईल. कॅपिटल अक्षरांकडे नीट पाहा. इंडेक्सऑफमध्ये ऑफचा ओ कॅपिटल, चारअ‍ॅटमध्ये अ‍ॅटचा ए कॅपिटल, पण सबस्ट्रिंग सगळं लहान. सबस्ट्रिंगचा मधला एस मोठा केल्याने कंपायलर अडला, असं नवख्यांकडून फार होतं.

आधी वही घ्या. लाइट नसली तरी हे काम होतं. आडव्या १५ चौकटी काढा आणि खाली ० ते १४ आकडे घाला. आता अक्षरं भरा: व ० वर, ण १ वर, दीर्घ वेलांटी २ वर. हो, वेलांटीला स्वतःची चौकट लागते. डोळ्याला "वणी" दोन अक्षरांचं दिसतं, जावाला ते तीन घरांचं आहे. पहिला स्वल्पविराम ३ वर, "कापूस" ४ ते ८, दुसरा स्वल्पविराम ९ वर, आणि वजन १० ते १४. "वर्धा" लिहिलं असतं तर व, र, हलन्त, ध, काना अशी पाच घरं गेली असती. लेंग्थ, म्हणजे एकूण घरं, विचारल्यावर येणारा आकडा आपल्या मोजणीशी जुळत नाही, तो यामुळेच.

स्वल्पविराम म्हणजे दोन वावरांमधला धुरा. धुरा या वावरातही मोजत नाहीत आणि त्या वावरातही नाही. सबस्ट्रिंगचा हिशेब असाच चालतो: पहिला आकडा तुकड्यात धरला जातो, दुसरा धरला जात नाही. सबस्ट्रिंग(०, ३) म्हणजे ०, १, २ ही घरं. ३ वरचा धुरा बाहेर राहिला. पुढचं वावर धुरा ओलांडून ४ पासून सुरू होतं.

इंट प१ = ओळ.इंडेक्सऑफ(',');
इंट प२ = ओळ.इंडेक्सऑफ(',', प१ + १);
स्ट्रिंग गाव = ओळ.सबस्ट्रिंग(०, प१);
स्ट्रिंग माल = ओळ.सबस्ट्रिंग(प१ + १, प२);
स्ट्रिंग वजन = ओळ.सबस्ट्रिंग(प२ + १);

दुसऱ्या ओळीतला "+ १" विसरला तर शोध पहिल्याच धुऱ्यावरून सुरू होतो आणि तोच धुरा पुन्हा सापडतो. मग प२ सुद्धा ३ येतो. चौथ्या ओळीत सबस्ट्रिंग(४, ३) तयार होतं, म्हणजे शेवट सुरुवातीच्या आधी, आणि प्रोग्राम स्ट्रिंगइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन देऊन थांबतो. हे नाव दिसलं की कोडकडे टक लावून बसू नका. वहीतल्या चौकटींवर दोन्ही आकडे ठेवून पाहा.

याहून वाईट चूक ती, जी बोंब मारत नाही. ओळीत स्वल्पविरामच नसेल, कुणी त्याऐवजी अर्धविराम टाकला असेल, तर इंडेक्सऑफ −१ देतं. सबस्ट्रिंग(०, −१) लगेच एक्सेप्शन देतं, ते बरंच आहे. पण सबस्ट्रिंग(प + १) मध्ये −१ आणि १ मिळून ० होतात, आणि अख्खी ओळ गुपचूप "वजन" म्हणून पुढे जाते. म्हणून प्रत्येक इंडेक्सऑफनंतर −१ तपासाच.

रकाने किती आहेत हे आधी ठाऊक नसेल तर लूप लावा (यादी ही आधी तयार केलेली रिकामी लिस्ट):

इंट सुरुवात = ०;
इंट धुरा = ओळ.इंडेक्सऑफ(',');
व्हाइल (धुरा != −१) {
यादी.अ‍ॅड(ओळ.सबस्ट्रिंग(सुरुवात, धुरा));
सुरुवात = धुरा + १;
धुरा = ओळ.इंडेक्सऑफ(',', सुरुवात);
}
यादी.अ‍ॅड(ओळ.सबस्ट्रिंग(सुरुवात));

लूपबाहेरची शेवटची ओळ सुटली की शेवटचा रकाना, म्हणजे नेमकं वजन, हरवतं. आणि लूपमधला "+ १" सुटला तर तोच धुरा पुन:पुन्हा सापडतो, यादीत रिकामे तुकडे भरत जातात आणि मेमरी संपेपर्यंत प्रोग्राम थांबत नाही. ओळ स्वल्पविरामाने संपत असेल तर सुरुवात ही लेंग्थइतकी होते. ते चालतं, रिकामी स्ट्रिंग मिळते. लेंग्थच्या एक पुढे गेलात तर मात्र एक्सेप्शन.

तुकडे हाती आल्यावर तुलना इक्वल्सने करा. माल == "कापूस" लिहिलं तर उत्तर खोटं येतं, कारण दोन बरोबरच्या खुणा अक्षरं पाहत नाहीत, दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहे का एवढंच पाहतात. चारअ‍ॅटचीही (ते दिलेल्या घरातलं एक अक्षर देतं) एक गंमत आहे: ओळ.चारअ‍ॅट(०) + ओळ.चारअ‍ॅट(१) केलं तर "वण" येत नाही, ४६९६ येतात. व चा कोड २३५७, ण चा २३३९, जावाने त्यांची बेरीज केली. समोर "" + लावा म्हणजे अक्षरं जोडली जातील.

वजनाचा आकडा करायला डबल.पार्सडबल वापरा. आजूबाजूच्या मोकळ्या जागा ते चालवून घेतं, इंटिजर.पार्सइंट चालवत नाही, म्हणून आधी ट्रिम करा. मराठी अंकांचं उलटं आहे. पार्सइंट "१२" हे देवनागरी अंक नीट वाचतं, पार्सडबल मात्र "१२.५०" देवनागरीत दिसताच नंबरफॉरमॅटएक्सेप्शन देतं. फाइलमध्ये इंग्रजी अंक ठेवायला सांगितलं ते यासाठी.

आता दुरुस्ती. जावातली स्ट्रिंग एकदा झाली की बदलत नाही. नुसतं गाव.ट्रिम(); लिहून काहीच होत नाही, कारण ट्रिम नवी स्ट्रिंग देतं आणि ती कुणी धरली नाही. गाव = गाव.ट्रिम(); असं लिहा. रिप्लेस आणि टूअपरकेसचंही हेच. काट्यावर वजन पुन्हा होऊन १३.०० निघालं तर शेवटचा भाग काढून नवी ओळ बांधायची:

ओळ = ओळ.सबस्ट्रिंग(०, प२ + १) + "१३.००";

इथे प२ + १ घेतल्याने धुरा पहिल्या तुकड्यात राहतो. नुसता प२ घेतला तर "कापूस१३.००" असं चिकटतं.

बरेच बदल करायचे असतील तर स्ट्रिंगबिल्डर घ्या. त्यात सेटचारअ‍ॅट, इन्सर्ट, डिलीटचारअ‍ॅट जागच्या जागी काम करतात. सगळी स्पेस काढायची असेल तर लूप शेवटून सुरुवातीकडे चालवा. पुढून चालवला तर एक घर काढताच त्यानंतरचं घर त्याच्या जागी सरकतं आणि लागोपाठच्या दोन स्पेसमधली दुसरी सुटते. रिव्हर्स मराठी मजकुरावर वापरू नका: "वणी" उलटं केलं की वेलांटी सगळ्यांत पुढे, कुणाचाही आधार नसलेली, उभी राहते.

एवढं हातात बसलं की खुशाल स्प्लिट वापरा, फक्त त्याचे दोन स्वभाव ध्यानात ठेवा. त्याला दिलेलं चिन्ह तो साधं चिन्ह न धरता रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायचा नमुना, समजतो. तिथे टिंबाचा अर्थ "कोणतंही अक्षर", म्हणून "१२.५०" ला टिंबाने तोडलं तर शून्य तुकडे मिळतात. टिंबाआधी, उभ्या रेघेआधीही, दोन बॅकस्लॅश द्या. दुसरं, शेवटचे रिकामे रकाने तो टाकून देतो. "वणी,कापूस,," चे आपल्या लूपने चार तुकडे होतात, स्प्लिट दोनच देतं. चारही हवे असतील तर दुसरा पॅरामीटर −१ द्या.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली तर तोडण्यात चूक शोधू नका. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, फाइलसाठी यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) आपोआप धरलं जातं. त्याआधीची आवृत्ती विंडोजवर असेल तर कंपाइल करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगावं लागतं. त्यानंतरही प्रश्नचिन्हंच दिसत असतील तर लेंग्थ छापून पाहा. "वणी" ला ३ आले तर स्ट्रिंग बरोबर आहे, अडचण कन्सोलची आहे.