एका भागावर दोन टोकांची मते: विज्ञानमालिकांवरील प्रतिक्रिया कशा वाचाव्यात

विज्ञानमालिकेचा, म्हणजे विज्ञानकथेवर बेतलेल्या टीव्ही मालिकेचा, एखादा भाग सर्वांनाच आवडला तर त्याविषयी फारसे काही विचारावे लागत नाही. पण ज्या भागावर प्रेक्षकांत उभी फूट पडते, तो पाहावा की सोडावा हे ठरवताना नवख्या प्रेक्षकाची पंचाईत होते. एक जण म्हणतो की मालिकेतला हा सर्वोत्तम भाग आहे, दुसरा म्हणतो की याच भागानंतर मी मालिका सोडली, आणि दोघेही वर्षानुवर्षे ती मालिका पाहत आलेले जाणते प्रेक्षक असतात. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून विषय मिटवता येतो, परंतु त्यातून हाती काही लागत नाही. बहुतेक वेळा हे दोघे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि ती उत्तरे एकाच गुणाच्या आकड्यात कोंबलेली असतात, असे माझे मत आहे. म्हणून प्रतिक्रिया वाचताना कोण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे आधी शोधावे.

आकडा पाहताना

सरासरी गुणांपेक्षा गुणांची विभागणी आधी पाहावी. शंभर प्रेक्षकांनी एखाद्या भागाला १० पैकी ६ गुण दिले तर सरासरी ६ येते. पन्नास जणांनी १० आणि पन्नास जणांनी २ गुण दिले तरी ती ६च येते. यातला पहिला भाग बेताचा असतो आणि तो चुकला तरी बिघडत नाही. दुसऱ्या भागाने मात्र कोणाच्या तरी वर्मावर बोट ठेवलेले असते, आणि मला विचाराल तर पाहण्यासारखा तोच. आयएमडीबीसारख्या संकेतस्थळावर किती जणांनी किती गुण दिले याचा आलेख असतो. त्यात १ आणि १० हे दोन्ही खांब उंच दिसले, तर मतदानात भागाच्या गुणवत्तेपलीकडचे काहीतरी शिरले आहे, असे समजावे. ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेचा तिसरा भाग जानेवारी २०२३मध्ये दाखवला गेला, तेव्हा असेच झाले. दोन पुरुषांच्या सहजीवनाची ती कथा कित्येकांना मालिकेचा कळस वाटली, तर कित्येकांनी केवळ विषयावर राग काढण्यासाठी किमान गुण दिले. त्याच भागातील भूमिकेसाठी निक ऑफरमन यांना पुढे एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळाला. अशा वेळी आकडा बाजूला ठेवून लिहिलेला मजकूरच वाचावा.

आकडा कोणाला विचारून काढला आहे, हेही पाहावे. ब्रिटनमध्ये बीबीसी आपल्या कार्यक्रमांसाठी एक रसिकता-निर्देशांक काढत आली आहे. ठरलेल्या गटातील प्रेक्षक त्यांनी पाहिलेल्या कार्यक्रमाला १० पैकी गुण देतात आणि त्यांची सरासरी १००च्या मापात मांडली जाते. या गटात चाहते असतात, तसेच जेवता जेवता टीव्ही लावून बसलेले लोकही असतात. काळात प्रवास करणाऱ्या आणि अधूनमधून रूप बदलणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या नायकाची ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका. तिचा ‘हेवन सेंट’ हा भाग नोव्हेंबर २०१५मध्ये प्रक्षेपित झाला. त्यात डॉक्टर साकारणारे पीटर कपाल्डी जवळजवळ संपूर्ण वेळ एकटेच पडद्यावर आहेत. या भागाला ८० गुण मिळाले, म्हणजे त्या मालिकेच्या मानाने काही विशेष नाही. पण चाहते आजही त्याची गणना मालिकेच्या श्रेष्ठ भागांत करतात. यात कोणीही खोटे बोलत नाही. घरातल्या सर्वांसोबत पाहायचा असेल तर पहिला आकडा उपयोगी पडतो, एकट्याने मन लावून पाहायचा असेल तर दुसरे मत.

एखादा सीझन चांगला किंवा वाईट आहे, अशा सरसकट शेऱ्यावर विसंबून भाग निवडू नये. ‘डॉक्टर हू’ला वाहिलेल्या मासिकाने २००९ साली तोवरच्या २०० कथांची क्रमवारी वाचकांकडून लावून घेतली. त्यात ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पहिली आली आणि ‘द ट्विन डायलेमा’ दोनशेवी. गंमत अशी की या दोन्ही कथा मार्च १९८४मध्ये, एकाच सीझनमध्ये, एकीला लागून एक प्रक्षेपित झाल्या होत्या. दुसऱ्या कथेत नुकताच रूप बदललेला डॉक्टर आपल्या सहप्रवासिनीचा गळा आवळतो. ज्या नायकाच्या भरवशावर मुले मालिका पाहत होती, त्याच्याकडून हे घडल्याचा राग इतक्या वर्षांनंतरच्या क्रमवारीतही दिसतो.

तक्रार नेमकी कशाबद्दल आहे

प्रतिक्रिया वाचण्याचे खरे काम इथे सुरू होते. उदाहरणासाठी ‘डॉक्टर हू’चाच, ४ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रक्षेपित झालेला ‘किल द मून’ हा भाग घेऊ, कारण यात वादाचे जवळजवळ सगळे प्रकार एकत्र सापडतात. (ज्यांना तो आधी पाहायचा आहे, त्यांनी हा उरलेला परिच्छेद आणि त्यापुढचा परिच्छेद सोडावा.) वर्ष २०४९ आहे. चंद्राचे वस्तुमान वाढल्याने पृथ्वीवर भरती-ओहोटीने हाहाकार माजला आहे आणि काही अंतराळवीर अणुबाँब घेऊन चंद्रावर उतरले आहेत. डॉक्टर खिशातून यो-यो काढून वरखाली करतो आणि इथले गुरुत्वाकर्षण असावे त्यापेक्षा फार जास्त आहे, असे दाखवतो. पुढे कळते की चंद्र हे एक अंडे आहे आणि आतील जीव बाहेर येण्याच्या बेतात आहे. त्याला मारायचे की जगू द्यायचे हा निर्णय डॉक्टर माणसांवर सोपवून निघून जातो. त्याची सोबतीण क्लारा पृथ्वीवासीयांना विचारते, आणि मारावे असे वाटणाऱ्यांना दिवे बंद करायला सांगते. पृथ्वी काळोखात बुडते. तरीही क्लारा शेवटच्या क्षणी बाँबची उलटगणती थांबवते.

आता या भागाविरुद्धच्या प्रतिक्रिया चार ढिगांत वाटता येतात. पहिला ढीग विज्ञानाचा. पृथ्वीसारखे गुरुत्वाकर्षण हवे असेल तर आकार तोच ठेवून चंद्राचे वस्तुमान सुमारे सहापट व्हायला हवे. अंडे उबताना जड होत नाही, उलट कवचातून पाणी उडून गेल्याने किंचित हलके होते. आणि नुकताच जन्मलेला जीव स्वतः ज्यातून आला तेवढेच अंडे लगेच घालतो, हे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही. हे आक्षेप बिनतोड आहेत. दुसरा ढीग अर्थाचा: अनेकांना ही गर्भपाताच्या वादाची रूपककथा वाटली आणि ती ज्या बाजूला झुकते ते त्यांना रुचले नाही, तर इतरांना त्यात असे काही दिसलेच नाही. तिसरा ढीग न्यायाचा, म्हणजे साऱ्या पृथ्वीचा कौल घेऊन तो धुडकावण्याचा अधिकार क्लाराला कोणी दिला. चौथा ढीग डॉक्टरच्या वागण्याचा. संकटात सोबत्यांना सोडून जाणारा नायक काहींना खटकला. स्तुती करणारे प्रेक्षक मात्र लान्झारोटे बेटावरच्या ज्वालामुखीच्या राखेत चित्रित झालेल्या चंद्रभूमीबद्दल, पहिल्या अर्ध्या भागातील भीतीबद्दल आणि शेवटी क्लारा डॉक्टरवर ज्या त्वेषाने तुटून पडते त्या प्रसंगाबद्दल बोलतात. नीट पाहिले तर स्तुतीकर्त्यांनी पहिल्या ढिगातील एकही आक्षेप खोडलेला नसतो आणि टीकाकारांनीही शेवटच्या प्रसंगातील अभिनयाला क्वचितच नावे ठेवलेली असतात. शिवाय चौथ्या ढिगातील तक्रार क्लारा स्वतःच पडद्यावर मांडते, म्हणजे भागालाही ती ठाऊक आहे. दोन्ही बाजू एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या आहेत. तुम्हाला यातील कोणता ढीग महत्त्वाचा वाटतो, ते ठरवले की हा भाग तुमच्यासाठी आहे की नाही, हे पुष्कळसे ठरते.

विज्ञान चुकले या तक्रारीचे वजन भागाभागाप्रमाणे बदलते. ‘किल द मून’मध्ये विज्ञान चुकले तरी निर्णयाचा पेच उरतो. ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’च्या ‘थ्रेशोल्ड’ या १९९६च्या भागात वेगाची अंतिम मर्यादा ओलांडणारे दोन अधिकारी उत्क्रांत होत होत सरड्यासारखे प्राणी बनतात, आणि इथे मात्र विज्ञान कोसळले की हाती काही उरत नाही, कारण सगळी कथा त्याच कल्पनेवर उभी आहे. तरीही त्या रूपांतराच्या रंगभूषेला एमी पुरस्कार मिळाला. कारागिरीचा हिशेब वेगळा मांडावा, तो यासाठीच.

याच मालिकेत त्याच वर्षी मे महिन्यात ‘टूव्हिक्स’ आला. एका अपघातात टूव्हॉक आणि नीलिक्स हे अंतराळजहाजावरचे दोघे सहकारी मिळून एकच नवी व्यक्ती तयार होते, आणि दोघांना परत मिळवायचे तर तिला संपवावे लागते. ती व्यक्ती जहाजाच्या नियंत्रणकक्षात एकेकाकडे पाहून जिवाची याचना करते, पण कोणीही पुढे येत नाही. जहाजाचा डॉक्टर नकार देतो, तेव्हा कॅप्टन जेनवे स्वतः ती क्रिया पार पाडते. ही कृती चूक की बरोबर यावर चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. अशा प्रतिक्रियांत ‘भाग वाईट आहे’ आणि ‘पात्राने वाईट केले’ ही दोन विधाने सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात. ती वेगळी काढावीत. जेनवेचा संताप येणे ही भागाची अपयशाची खूण मुळीच नाही.

केव्हा आणि कोणत्या क्रमाने पाहिले

मत कोणत्या परिस्थितीत बनले, हेही तपासावे. ‘फायरफ्लाय’ ही मालिका फॉक्स वाहिनीने सप्टेंबर २००२मध्ये सुरू केली, तेव्हा पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग बाजूला ठेवून दुसराच भाग आधी दाखवला, आणि मूळचा पहिला भाग डिसेंबरमध्ये सर्वांत शेवटी आला. चित्रित झालेल्या १४ भागांपैकी तेव्हा ११च दाखवले गेले. त्या काळातील ‘कोण कोणाचे काही कळत नाही’ ही तक्रार रास्त होती, पण आज योग्य क्रमाने पाहणाऱ्याला ती लागू पडत नाही. त्याचप्रमाणे ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ या दोन भागांच्या कथेत प्रेक्षकांनी पूर्वार्ध जून १९९०मध्ये आणि उत्तरार्ध सप्टेंबरअखेरीस पाहिला. मधल्या तीन महिन्यांत मनात रचलेल्या शक्यतांपुढे उत्तरार्ध अनेकांना फिका वाटला. एका बैठकीत दोन्ही पाहणाऱ्याला तो तितका फिका वाटत नाही.

स्वतःचे मत नोंदवताना

भाग संपल्यावर इतरांची मते उघडण्याआधी स्वतःची चार-पाच वाक्ये लिहून काढावीत. नुसते ‘आवडला नाही’ असे न लिहिता, लक्ष नेमके कोणत्या प्रसंगापाशी उडाले तो प्रसंग नोंदवावा. एकदा दुसऱ्याचे जोरकस मत वाचले की आपलेही तेच होते असे वाटू लागते. नंतर प्रतिक्रिया वाचताना आपल्याशी सहमत असलेल्यांना थोडक्यात आटोपावे आणि विरुद्ध बाजूची एक विस्तृत प्रतिक्रिया शेवटपर्यंत वाचावी. तिच्यात उल्लेखलेला प्रसंग आपल्या टिपणात नसेल, तर तेवढाच प्रसंग पुन्हा पाहावा, संपूर्ण भाग पुन्हा पाहण्याची गरज नाही.

इतरांसाठी लिहायचे असेल तर विज्ञान, पात्रांशी सुसंगती, मांडणी आणि आशय यांपैकी कशाबद्दल बोलत आहोत ते पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि शेवट उघड करण्याआधी स्पष्ट इशारा द्यावा. मालिकेच्या अंतिम भागावर लिहिताना जास्त सावध राहावे. मार्च २००९मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’चा शेवट दाखवला गेला, तेव्हा काहींनी त्या रागात मागचे चारही सीझन मोडीत काढले. अंतिम भागाला गुण त्या भागापुरतेच द्यावेत, आणि संपूर्ण मालिकेबद्दलचा निकाल काही आठवडे थांबून, वेगळा लिहावा.